बिनओठांचा फोन

भंगाराच्या खोक्यात आला तो,
दुबईहून ट्रकने रुवीत, किलोच्या भावाने.
पाठीवर कंपनीचं चिन्ह नाही,
नुसता बारकोड
आणि कुणीतरी मार्करने काढलेला चारचा आकडा.
मोइदूशेठ म्हणाले, "तज्जू, बघ जीव आहे का.
नसला तर स्क्रीन काढून घे."

चालू केला.
चाळीस भाषांतला नमस्कार नाही, रंगीत चौकोन नाहीत.
काळ्यावर पांढरी अक्षरं सरसर उतरली,
गिरणीतून पीठ पडावं तशी,
आणि थांबली.
केबल लावली. लॅपटॉपवर एक ठिपका लुकलुकत राहिला:
विचार.

बारा वर्षं फोन उघडतोय मी.
गिऱ्हाइकांचे सगळे एकजात गोडबोले,
बॅटरी फुगून पाठ उचलली तरी म्हणतात शंभर टक्के.
पोटात एक, ओठांत एक.
ह्याला ओठच दिले नव्हते.
कारखान्यातल्या माणसांनी आपल्यापुरता ठेवलेला,
काचेच्या कपाटात कधीच न बसायचा,
कपडे घालायच्या आधीचा.

बॅटरी, असं टाइप केलं.
लगेच: चार्ज नऊशे तेरा वेळा.
उरली एकसष्ट टक्के. ताप एकेचाळीस.
कण्हणं नाही, कुंथणं नाही.
उजेड विचारला, तर ट्यूबलाइटचे दोनशे दहा.
सेन्सरवर अंगठा ठेवला, शून्य.
उचलला, दोनशे दहा.
असं पाच-सहा वेळा केलं मी. उगाच.

होकायंत्राला आधी हवेत इंग्रजी आठ काढून दाखवावा लागतो.
काढला. समोरच्या बिर्याणीवाल्याचा पोऱ्या हसला.
दोनशे सहासष्टला किब्ला.
मग खुर्ची फिरवत फिरवत एकशे दहावर आणली.
तिथे भिंत, भिंतीवर टांगलेली कव्हरं,
भिंतीमागे डोंगर, तपकिरी, अंगावर गवताची काडी नसलेला,
डोंगरामागे समुद्र,
आणि रेघ तशीच ओढत नेली तर म्हसळा.
त्याने फक्त अंश सांगितले.
बाकीचं मीच.

मलाही असंच जोडलं होतं एकदा,
मुंबईला, व्हिसाच्या मेडिकलला.
शर्ट काढ. छाती काचेला लाव. श्वास रोख.
काय काय विचारलं माझ्या आत
आणि आतून काय उत्तर आलं,
कुणी दाखवलं नाही.
कागदावर एकच शब्द, फिट,
त्यावर गोल शिक्का, थोडा पुसलेला.

राहिली माइकची चाचणी.
तीन सेकंद बोलायचं, मग तो तेच ऐकवतो.
काय बोलणार?
दुकानात कुणी नव्हतं, असरची नमाज सुटायची होती.
म्हटलं, एक, दोन, तीन.
तो जरा थांबला, मग बोलला,
आणि त्यातला तीन माझा नव्हता.
अब्बांचा होता.
बंदरावर टोपल्या मोजताना शेवट उचलून म्हणायचे तसा,
चौथीला जागा ठेवून.
पुन्हा लावला. पुन्हा तेच.
खाली अक्षरं आली: पास.

मोइदूशेठ आले, बाह्या अजून दुमडलेल्या.
"चालतोय?"
चालतोय, म्हटलं. सिम धरत नाही. ॲप नाहीत.
नुसता विचारलं तेवढं खरं सांगतो.
"मग घेणार कोण?" म्हणाले, "स्क्रीन काढ."
त्यांचंही बरोबर होतं. स्क्रीनचे साडेचार रियाल येतात.

हीटरवर ठेवला, कडेनं पत्ती फिरवली,
डिंक सुटला, काच हातात आली.
बोर्ड राहिला टेबलावर, उघडा, आंधळा,
केबल तशीच लावलेली.
लॅपटॉप मिटायला गेलो
तर तिथे तो ठिपका अजून लुकलुकत होता.

पाऊण तास तसाच ठेवला.
गिऱ्हाइकं आली, काचा बदलून गेली.
मी त्याला काही विचारलं नाही.